इस्राएलमधील स्त्रियांची सक्तीची लष्करी सेवा : सवलत आणि समानता

प्रस्तावना :
ज्या देशांत लष्करी सेवा सक्तीची आहे, तेथे ती बहुधा पुरुषांपुरतीच मर्यादित राहिली. इस्राएल हा याला अपवाद होय. स्थापनेच्या पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, या राष्ट्राने कायद्याने स्त्रियांनाही लष्करी सेवा सक्तीची केली. परंतु सेवेची सक्ती म्हणजे सेवेतील समानता नव्हे. या दोहोंमधील अंतर कसे निर्माण झाले व ते कमी करण्याचे प्रयत्न कसे झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
राष्ट्रनिर्मितीपूर्वी हागाना व पालमाख या ज्यू संघटनांमध्ये स्त्रिया शस्त्रशिक्षण घेत असत. दुसऱ्या महायुद्धात अनेक ज्यू स्त्रियांनी ब्रिटिश सैन्याच्या महिला साहाय्यक दलात काम केले. 1948 च्या युद्धातही स्त्रियांचा सहभाग होता. तथापि नव्या सैन्यात त्यांच्यासाठी ब्रिटिश धर्तीवर ‘खेन’ नावाचे स्वतंत्र महिला दल उभारले गेले आणि त्यांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवण्यात आले. कार्यालयीन कामे, संदेशवहन, शुश्रूषा व शिक्षण ही त्यांची प्रमुख कार्यक्षेत्रे ठरली. 1951 मध्ये याएल रोम यांनी हवाई दलाचा वैमानिक अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे मात्र हे क्षेत्रही स्त्रियांना बंद झाले.

कायद्यातील सवलती :
1949 च्या कायद्याने विवाहित स्त्रिया, माता व गर्भवती यांना सक्तीच्या सेवेतून वगळले. धार्मिक कारणास्तव सूट मागण्याची मुभाही स्त्रियांना होती. त्यांचा सेवाकाळ पुरुषांपेक्षा कमी ठेवण्यात आला. नागरिक असलेल्या अरब मुस्लिम व ख्रिस्ती स्त्रियांना व्यवहारात बोलावले जात नसे. 1956 पासून द्रूझ पुरुषांवर सक्ती आली, स्त्रियांवर नाही. याच काळात कोकण व मुंबईतील मराठी भाषक बेने इस्राएल कुटुंबे तेथे स्थायिक होऊ लागली व त्यांच्या मुलीही या कायद्याच्या कक्षेत आल्या.

मातृत्वाचा आदर म्हणून दिलेल्या या सवलतीच पुढे स्त्रियांच्या मार्गातील अडसर बनल्या, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

मिलर खटला :
दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ॲलिस मिलर यांच्याकडे विमान चालवण्याचा नागरी परवाना होता. त्या स्त्री असल्याच्या कारणावरून हवाई दलाने त्यांना वैमानिक प्रवेश परीक्षेस बसू दिले नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. स्त्रियांना शारीरिक क्षमता नाही, असा शासनाचा युक्तिवाद नव्हता. स्त्रीचा सेवाकाळ अल्प असतो व मातृत्वानंतर तिच्यावर राखीव सेवेचे बंधन राहत नाही. त्यामुळे प्रशिक्षणावरील मोठा खर्च वाया जातो व नियोजन कोलमडते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजेच कायद्याने स्वतः निर्माण केलेला भेद नव्या भेदाचे समर्थन म्हणून पुढे करण्यात आला. नोव्हेंबर 1995 मध्ये न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी हा युक्तिवाद फेटाळला. समानतेसाठी येणारा खर्च व गैरसोय व्यवस्थेने सोसली पाहिजे, असा बहुमताचा आशय होता. मिलर स्वतः पुढे वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्या. परंतु त्यांनी उघडलेले दार इतरांसाठी खुले राहिले.

परिणाम :
2000 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कोणत्याही लष्करी कामावर स्त्रियांचा पुरुषांइतकाच हक्क मान्य झाला. कामाच्या स्वरूपामुळे आवश्यक असेल तेथेच अपवाद ठेवण्यात आला. स्वेच्छेने अशी कामे स्वीकारणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतकाच सेवाकाळ लागू झाला. हक्क व कर्तव्य यांची अशी प्रथमच सांगड घातली गेली. 2001 मध्ये ‘खेन’ दल विसर्जित झाले. त्याच वर्षी रोनी झुकरमन या तेथील पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. 2011 मध्ये ओर्ना बारबिवाई यांना मेजर जनरल हे पद प्राप्त झाले. या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

निष्कर्ष :
इस्राएलच्या उदाहरणावरून असे दिसते की, सक्तीने स्त्री सैन्यात येते, परंतु तेवढ्याने तिला समान स्थान मिळत नाही. जबाबदारीतून दिलेली सूट ही बऱ्याचदा अधिकारातूनही दिलेली सूट ठरते. संरक्षणाच्या हेतूने केलेल्या कोणत्याही तरतुदीचे मूल्यमापन करताना तिने कोणते ओझे हलके केले, याबरोबरच तिने कोणते दार बंद केले, हेही तपासणे आवश्यक आहे.