पडदा आणि पेटी : संसर्गित रुग्णाच्या प्रवासाचा इतिहास

#थ्रेड

१/
१९६९ साली दोन विलक्षण प्रवास घडले. मार्च महिन्यात नायजेरियातून एका अत्यवस्थ परिचारिकेला विमानाने न्यूयॉर्कला आणण्यात आले. जुलै महिन्यात तीन पुरुष चंद्रावरून परतले. तिघेही ठणठणीत होते. परिचारिकेच्या रक्तात विज्ञानाला अपरिचित असा प्राणघातक विषाणू होता. चांद्रवीरांनी सोबत आणली होती ती धूळ आणि दगड. तरीही हवाबंद पेटी मिळाली ती चांद्रवीरांना. परिचारिकेच्या वाट्याला आला एक पडदा. असे का झाले, आणि पुढे या पेटीचा प्रवास कसा झाला, ते क्रमाने पाहू.

२/
ईशान्य नायजेरियातील लासा या गावी लॉरा वाइन नावाची अमेरिकन मिशनरी परिचारिका काम करीत असे. जानेवारी १९६९ मध्ये ती तापाने आजारी पडली. तिला जोस येथील मिशन रुग्णालयात हलविले, परंतु ती वाचली नाही. तिची शुश्रूषा करणारी शार्लट शॉ फेब्रुवारीत दगावली. त्यानंतर त्याच रुग्णालयातील तिसरी परिचारिका, लिली पिनिओ, अंथरुणाला खिळली.

३/
पिनिओला पॅन अ‍ॅमच्या नेहमीच्या प्रवासी विमानातून न्यूयॉर्कला नेण्यात आले. प्रथम श्रेणीच्या कक्षात तिची व्यवस्था केली होती, आणि इतर प्रवाशांपासून तिला वेगळे करीत होता तो केवळ एक पडदा. सुदैवाने ती बचावली. मात्र तिच्या नमुन्यांवर येल विद्यापीठात संशोधन करणारे विषाणुतज्ज्ञ जॉर्डी कॅसल्स यांनाच तो ताप आला. पिनिओच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे देऊन त्यांच्यावर उपचार झाले व ते बरे झाले. त्याच वर्षअखेरीस येलमधील एक तंत्रज्ञ दगावला आणि येलने जिवंत विषाणूवरील काम थांबविले. त्या गावाच्या नावावरून या रोगाला ‘लासा ताप’ म्हणतात.

४/
आता दुसरा प्रवास. २४ जुलै १९६९ रोजी अपोलो ११चे यान प्रशांत महासागरात उतरले. चंद्रावर सूक्ष्मजीव असतीलच, असे फारसे कोणी मानत नव्हते. पण नसतीलच, याची हमीही कोणाला देता येत नव्हती. म्हणून नासाने ‘मोबाइल क्वारंटाइन फॅसिलिटी’ तयार करविली होती. एअरस्ट्रीम कंपनीच्या, सहलीसाठी वापरल्या जाणाऱ्या चकचकीत ट्रेलरची चाके काढून केलेली ही सुमारे ३५ फूट लांबीची फिरती खोली होती.

५/
तिचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला असे. त्यामुळे एखादी फट राहिलीच, तर हवा बाहेरून आत येई. आतली बाहेर जात नसे. बाहेर सोडायची हवा गाळण्यांतून जाई. वस्तूंची देवाणघेवाण दुहेरी दारांच्या कप्प्यातून, निर्जंतुक करून होत असे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक विलगीकरण पेटीत हेच तत्त्व आढळते.

६/
आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांच्यासोबत एक डॉक्टर व एक अभियंता असे पाच जण त्या खोलीत राहिले. ‘हॉर्नेट’ या युद्धनौकेवर राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीच्या काचेबाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलले. ते छायाचित्र आपण पाहिले असेल. ही खोली प्रथम जहाजाने पर्ल हार्बरला आणि मग मालवाहू विमानाने ह्यूस्टनकडे गेली. तेथील प्रयोगशाळेत उर्वरित मुदत काढून १० ऑगस्टला सर्वांची सुटका झाली.

७/
या काटेकोर व्यवस्थेला एक मोठे भगदाड होते. चांद्रवीर खोलीत जाण्यापूर्वीच, समुद्रावर तरंगणाऱ्या यानाचे दार उघडले गेले होते. आतली हवा आणि चंद्रधूळ बाहेर पडण्यास तेवढा अवधी पुरेसा होता. चंद्रावर खरोखरच घातक जंतू असते, तर ते खोलीआधीच महासागरात पोहोचले असते. पेटी कितीही भक्कम असो, रुग्णाला तिच्यात घालण्याचा आणि बाहेर काढण्याचा क्षण हाच सर्वांत धोक्याचा असतो. अपोलो १४ नंतर, चंद्र निर्जीव असल्याची खात्री पटल्यावर, हे विलगीकरण बंद झाले.

८/
रुग्णांसाठीची पेटी मात्र निराळ्याच वाटेने आली. अमेरिकन संशोधक फिलिप ट्रेक्सलर यांनी १९५०च्या दशकात जंतुविरहित प्राणी वाढविण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचे तंबू बनविले होते. तेथे बाहेरचे जंतू आत येऊ न देणे हा हेतू होता. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये हीच कल्पना उलटी फिरविली गेली : रुग्ण आत, दाब कमी, आणि जंतू आतच कोंडलेले. परिचारिका तंबूच्या भिंतीला जोडलेल्या अर्ध्या पोशाखात बाहेरून शिरत आणि रुग्णाला थेट स्पर्श न करता त्याची सेवा करीत. यांपैकी स्ट्रेचरवर बसणारी लहान आवृत्ती विमानात नेता येई. अमेरिकन लष्करानेही १९७८ मध्ये अशा वाहतुकीसाठी खास पथक उभारले.

९/
खरी कसोटी लागली ती २०१४ मध्ये. पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला आणि ११ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २ ऑगस्टला अमेरिकन डॉक्टर केंट ब्रँटली यांना लायबेरियातून अटलांटाला आणण्यात आले. त्यांच्या छोट्या विमानात धातूच्या चौकटीवर प्लॅस्टिकचा कमी दाबाचा तंबू उभारलेला होता. सार्सच्या साथीनंतर विकसित केलेली ही व्यवस्था रुग्णासाठी प्रथमच वापरली जात होती. तिच्यात एका वेळी एकच रुग्ण मावत असे, म्हणून त्यांच्या सहकारी नॅन्सी राइटबोल यांच्यासाठी विमानाला पुन्हा खेप करावी लागली. दोघेही वाचले.

१०/
त्याच्या चारच दिवस आधी, २९ जुलैला, सिएरा लिओनमध्ये डॉ. शेख उमर खान यांचा इबोलाने मृत्यू झाला. केनेमा येथील लासा तापाच्या कक्षाचे ते प्रमुख होते आणि देशातील इबोलाविरोधी लढ्याचे अग्रणी. त्यांना परदेशी हलविण्याची चर्चा चर्चाच राहिली. सप्टेंबरमध्ये त्याच देशातील डॉ. ऑलिव्हेट बक आजारी पडल्या. त्यांना जर्मनीला नेण्याची विनंती सरकारने केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केली नाही. त्याही गेल्या.

११/
१९६९ मध्ये पिनिओच्या विमानात पडदा होता, कारण तिच्या रोगाची कोणाला ओळखच नव्हती. २०१४ मध्ये रोग ठाऊक होता, पेटी ठाऊक होती, तिचे तत्त्वही ४५ वर्षे जुने होते. कमी होत्या त्या पेट्या, आणि त्या पाठवायच्या कोणासाठी, हे रुग्णाच्या देशावर ठरत होते. तंत्र उपलब्ध होणे आणि ते गरजवंतापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. इतिहास वाचताना हे अंतर मोजायला विसरू नये.

१२/
हे अंतर कमी करता येते, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. कोविडच्या साथीत, जून २०२० मध्ये, भारतीय हवाई दलाने दुर्गम व उंच प्रदेशांतील रुग्णांसाठी ‘अर्पित’ नावाची पेटी सेवेत आणली. पारदर्शक आवरण, गाळलेली हवा, आत कमी दाब : तत्त्व तेच. आयात पेटीची किंमत ६० लाख रुपयांपर्यंत जात असताना ‘अर्पित’ ६० हजारांत तयार झाली.

(समाप्त)