सनदेपासून पोटनियमांपर्यंत : नागपूर प्रांतातील सहकारी मंडळ्यांचा कायदा व त्यांची तत्त्वे

सहकारी मंडळ्यांचा इतिहास हा अर्थशास्त्र्यांचा व सरकारी अहवालांचा विषय आहे, जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकास त्यात पाहण्याजोगे काही नाही, अशी समजूत आमच्या वाचकवर्गात बरीच रूढ आहे. भोसल्यांच्या दफ्तरातील एखादी सनद हाती लागली, तर आपण ती रेशमी रुमालात बांधून ठेवितो. परंतु त्याच गावच्या पतमंडळीचे पोटनियमांचे जीर्ण पुस्तक रद्दीवाल्याच्या तराजूत पडलेले पाहून आपणांस विशेष खंत वाटत नाही. हा भेद योग्य नव्हे, असे आमचे मत आहे. ही मंडळी कोणाच्या मालकीची, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कलमांत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे या दुर्लक्षित दफ्तरांतच शोधावे लागते. हे दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निवर्तले व पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांताची घडण होऊन नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रज सरकारने गावच्या माळगुजारास गावाचा मालक म्हणून मान्यता दिली. ही माळगुजारी १९५१ साली संपुष्टात येईपर्यंत गावातील हक्कांची उतरंड कायम राहिली : वर सरकार, मध्ये माळगुजार, खाली कूळ. पैशाची गरज लागली की कूळ सावकाराच्या दारी जाई. भोसलेशाहीची सनद काय किंवा माळगुजाराचा हक्क काय, दोन्ही वरून खाली आलेली दाने होती.

या पार्श्वभूमीवर १९०४ चा १० वा कायदा पाहिला म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. मद्रासचे फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ व १८९७ साली प्रसिद्ध केलेला अहवाल, १९०१ साली सर एडवर्ड लॉ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती आणि जर्मनीतील रायफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांचा नमुना, यांतून हा कायदा सिद्ध झाला. अठरा वर्षांवरील कोणत्याही दहा जणांना मंडळी स्थापिता येई. ते एकाच गावचे, शहरचे वा गावसमूहाचे रहिवासी असावेत, अथवा एकाच जातीचे वा वर्गाचे असावेत, अशी अट होती. मंडळ्यांचे ग्रामीण व नागरी असे दोन वर्ग केले होते. ग्रामीण मंडळीत पाच सभासदांपैकी चार शेतकरी असले पाहिजेत. आणि प्रांतिक सरकारची खास परवानगी नसेल, तर तिच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद राही.

अमर्याद जबाबदारी याचा अर्थ असा की, मंडळीचे कर्ज फिटले नाही, तर प्रत्येक सभासद आपल्या सर्व मालमत्तेनिशी त्यास बांधलेला असे. माळगुजारी गावात याचा परिणाम काय होतो, हे वाचकांनी क्षणभर मनात आणावे. माळगुजार व त्याचे कूळ एकाच मंडळीत आले, तर कुळाच्या कर्जास माळगुजाराची मालमत्ता जामीन होत असे. गावच्या उतरंडीत ज्यांचे स्थान वरखाली, ते या एका कागदावर एका ओळीत उभे राहत. प्रत्यक्षात ते कितपत उभे राहिले, हा प्रश्न निराळा; कागदाने मात्र ती वाट उघडली होती.

१९१२ च्या दुसऱ्या कायद्याने या रचनेची व्याप्ती वाढविली. कर्जाखेरीज इतर कामांसाठीही मंडळ्या काढण्याची व मंडळ्यांच्या मिळून मध्यवर्ती संस्था स्थापण्याची सोय झाली. ग्रामीण व नागरी हा भेद मागे पडून मर्यादित व अमर्याद जबाबदारी हा भेद पुढे आला. त्याच साली मध्यप्रांताची प्रांतिक सहकारी बँक स्थापन झाली. खाली गावची मंडळी, मध्ये मध्यवर्ती बँक व वर प्रांतिक बँक, अशी तीन मजली इमारत उभी राहिली. या प्रांताचे रजिस्ट्रार क्रॉस्थवेट यांनी १९१६ साली सहकारावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच मध्यप्रांताच्या पद्धतीचा उल्लेख आहे. यावरून येथील व्यवस्थेस तेव्हा स्वतंत्र पद्धतीचा मान मिळू लागला होता, हे दिसते.

याच कायद्यातील मतदानाचे कलम संशोधकांनी बारकाईने वाचावे. जेथे जबाबदारी भागांपुरती मर्यादित नाही, तेथे भांडवल कितीही असो, सभासदास एकच मत. जेथे ती भागांपुरती मर्यादित, तेथे मात्र पोटनियम सांगतील तितकी मते. म्हणजे एक सभासद एक मत हे तत्त्व आज आपण सहकाराचा प्राण मानितो, ते १९१२ साली सर्व मंडळ्यांस कायद्याने बांधून दिलेले नव्हते. निम्मे क्षेत्र पोटनियमांवर सोडले होते. निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा गंगाजळीत टाकावा, एका व्यक्तीने भागभांडवलाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भाग धारण करू नयेत, सर्वसाधारणपणे कर्ज सभासदांसच द्यावे, ही बंधने मात्र कायद्यानेच घातली होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. सभासदांचे आर्थिक हित सहकारी तत्त्वांस अनुसरून साधणारी ती सहकारी मंडळी, असे कायदा म्हणतो. पण ही सहकारी तत्त्वे कोणती, हे तो कोठेच सांगत नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस जणांनी काढलेल्या दुकानाच्या नियमांत या तत्त्वांचे मूळ शोधण्याची रीत आहे. १८९५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने ती प्रथम १९३७ साली सूत्ररूपाने मांडिली, १९६६ साली सुधारली, आणि १९९५ साली त्यांस आजचे सात तत्त्वांचे रूप दिले : खुले व ऐच्छिक सभासदत्व, सभासदांचे लोकशाही नियंत्रण, सभासदांचा आर्थिक सहभाग, स्वायत्तता, शिक्षण, सहकारी संस्थांचे परस्परसहकार्य व समाजाविषयी आस्था. तात्पर्य, नागपूरकडील मंडळ्या नोंदविल्या जाऊ लागल्या, तेव्हा ही सूत्रे लिखित स्वरूपात सिद्ध झालेली नव्हती. मंडळीपुरता तत्त्वाचा अर्थ काय, हे तिचे पोटनियमच ठरवीत.

ते पोटनियम तरी सर्वस्वी सभासदांचे होते काय? नोंदणी रजिस्ट्रारची, म्हणजे आजच्या भाषेत निबंधकाची. पोटनियमांतील फेरफार त्याने नोंदविल्यावाचून अमलात येत नसे. दरसाल निदान एकदा हिशेबतपासणी तोच करणार वा करविणार. चौकशीही त्याची व मंडळी मोडण्याचा हुकूमही त्याचाच. घर सभासदांचे, पण किल्ल्यांचा जुडगा सरकारी अधिकाऱ्याच्या कमरेला, अशी ही स्थिती होती. तथापि केवळ एवढ्यावरून ही परकी सत्तेची जुलूमशाही म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. जेथे पुष्कळ सभासदांस अक्षरओळख नाही, तेथे बाहेरच्या हिशेबतपासनिसाचे डोळे हेच त्यांचे रक्षण होते. शिवाय एकतृतीयांश सभासदांनी अर्ज केल्यास रजिस्ट्रारला चौकशी करावीच लागे. हा खालून वर जाणारा हक्क त्याच कायद्यात आहे. असे अर्ज कोणत्या गावातून गेले व कशासाठी, हे ज्या दिवशी आपण दाखवू शकू, त्या दिवशी सभासदांच्या मालकीचा खरा इतिहास लिहिता येईल.

मालकीचा हाच प्रश्न स्वातंत्र्यानंतर नागपुरातच अखिल भारतीय स्वरूपात उभा राहिला. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले. शेतीचे भावी स्वरूप संयुक्त सहकारी शेतीचे असावे, असा ठराव त्याने केला. जमीन एकत्र कसावी, पण मालकी ज्याची त्याच्याकडे राहावी. उत्पन्नातील वाटा जमिनीच्या प्रमाणात मिळावा, आणि श्रम करणारास, जमीन असो वा नसो, श्रमाच्या प्रमाणात मिळावा. तत्पूर्वी तीन वर्षांत देशभर सेवा सहकारी संस्था काढाव्यात, असा त्याचा आशय होता. चरणसिंग यांनी अधिवेशनातच विरोध केला. राजगोपालाचारी, रंगा व मसानी यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष उभारिला, त्याच्या कारणांत हा ठराव प्रमुख होता. समर्थकांस त्यात भूमिहीनाचा वाटा दिसला, विरोधकांस शेतकऱ्याच्या मालकीचा शेवट दिसला. वरून ठरविलेला सहकार ऐच्छिक कसा राहील, हा त्या वादातील खरा मुद्दा होता, आणि तो १९०४ च्या कायद्यातच दडलेला होता. संयुक्त शेतीचा तो बेत पुढे देशव्यापी झाला नाही.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. एका सभासदास एकच मत, व तेही स्वतः हजर राहून, हा त्यातील सामान्य नियम आहे. दुसऱ्या बाजूस व्यवस्थापक समिती दूर करण्याचा निबंधकाचा अधिकारही त्यात आहे. पुढे २०१२ साली अमलात आलेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क १९ व्या अनुच्छेदात घातला. त्याच दुरुस्तीतील संस्थांच्या कारभाराविषयीचा भाग मात्र राज्यांच्या विधिमंडळांची आवश्यक संमती घेतली नव्हती म्हणून २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बहुराज्यीय संस्थांपुरता वगळून, रद्द ठरविला. मालक कोण, हा प्रश्न शतकानंतरही न्यायासनापुढे जिवंतच राहिला.

आता संग्राहकांस दोन शब्द. मंडळीचे दफ्तर हाती आल्यास नोंदणीपत्र, पोटनियम, सभासदांचे नोंदपुस्तक, सभांचे इतिवृत्त व हिशेबतपासणीचे शेरे हे पाच कागद एकमेकांपासून वेगळे होऊ देऊ नयेत. ग्रामीण वा नागरी असा वर्ग लिहिलेला असेल, तर नोंदणी १९१२ च्या आधीची समजावी; १९१२ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या मंडळीच्या नावाअखेर ‘लिमिटेड’ हा शब्द सक्तीचा केला, ही खूणही ध्यानात असावी. वऱ्हाड १९०३ पासून कारभारापुरता मध्यप्रांतास जोडलेला असला, तरी ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. म्हणून अमरावती-अकोल्याकडील कागदांवर कायदा लागू करणाऱ्या अधिसूचनेचा उल्लेख आहे काय, हे पाहावे.

इतिवृत्त वाचताना महजर वाचण्याचीच शिस्त पाळावी. महजरावर कोणाची नांगराची निशाणी आहे, हे आपण मोजतो. तसेच साधारण सभेस किती सह्या व किती अंगठे आहेत, हे मोजावे. दरसालच्या ठरावास सूचक व अनुमोदक तेच दोघे आहेत काय, कर्ज नाकारल्याची नोंद आहे काय, पोटनियम बदलताना कोणी विरोध नोंदविला काय, हे टिपून ठेवावे. पोटनियमात मत एकेकाचे, पण इतिवृत्तात आवाज एकाच घराण्याचा, असे आढळले तर तो त्या गावचा इतिहासच होय. आणि उलट आढळले तर तोही. माळगुजाराच्या शेजारी कुळाचा अंगठा उमटलेले एखादे पान अजून कोणाच्या माळ्यावर असेल. ते रद्दीत जाण्यापूर्वी वाचकांनी त्याची नक्कल करून ठेवावी, व मूळ कागद मंडळीच्याच कपाटात सुरक्षित राहील अशी खटपट करावी; कारण त्या दफ्तराचे मालकही सभासदच आहेत.