दोरीवरचा चूड

साल 1945, कार्तिकातली सकाळ. तुम्ही अकलोलीत, तानसा नदीकाठच्या एका खाचरात उभे आहात. मागे गरम पाण्याच्या कुंडांवर वाफ धरलेली, हवेत गंधकाचा वास. हळवं भात कापून खळ्यावर गेलंय, निमगरवं आता पिवळं पडलंय. तुमच्या काळात तुम्ही डेटा सायंटिस्ट आहात. पवईच्या ऑफिसात बसून कुठलं कर्ज बुडेल याचे अंदाज बांधता, आणि आता शेतीकडे, अन्नाकडे वळावं असं मनात घोळतंय. म्हणून तुम्हाला इथं आणलं.

बांधावर तलाठी आणि पाटील आलेत. पाटील कपाळावर हात आडवा धरून शिवारावरून नजर फिरवतात. "दहा आणे धरा, भाऊसाहेब." तलाठी लिहून घेतो आणि दोघं पुढच्या शिवाराकडे निघतात. ही आणेवारी, म्हणजे नजरेनं बांधलेला पिकाचा अंदाज. पाटलांची नजर कच्ची नाही, जन्म गेलाय त्यांचा भातात. पण त्याच नजरेवर साऱ्याची सूट अवलंबून असते, आणि गावाला बुडवणारा आकडा कुठला पाटील सांगेल? असेच आकडे गोळा होत होत दिल्लीपर्यंत जातात. दोनच वर्षांपूर्वी बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली. मुंबईत 1943पासून रेशन आहे. देशात भात किती पिकतं, हे मात्र कोणी मोजलेलं नाही.

आता पलीकडच्या बांधावरून कृषी खात्याचा माणूस येतो आहे, त्याच्याकडे बघा. खांद्यावर दोरी, हातात खुंट्या, खिशात आकड्यांची चिठ्ठी. हे खाचर त्यानं पसंत केलेलं नाही, ते चिठ्ठीनं निवडलंय. कोपऱ्यापासून लांबीत इतकी पावलं, रुंदीत इतकी, हेही चिठ्ठीच सांगते. पावलं संपली तिथं समोर पीक चांगलं असो की उंदरांनी खाल्लेलं, खुंटी तिथंच ठोकायची. मग दोरी ताणायची: 33 फूट लांब, साडेसोळा फूट रुंद, एकराचा बरोबर 80वा भाग.

दोरीचं एक टोक तुमच्या हातात आहे. ताणलेली दोरी नेमकी एका चुडाच्या मधून जाते. आवणीच्या वेळी तीनचार रोपं एकत्र खोचली होती, आता त्यांचा भरगच्च झुबका झालाय. कापणारी बाई विळा थांबवून विचारते, "हा आत धरू का भाईर?"

तुमची जीभ 'आत' म्हणायला उचलते. लोंब्या भरलेल्या आहेत, टाकवत नाहीत. नियम असा, की बुंध्याकडे बघायचं. निम्म्याहून जास्त आत असेल तरच धरायचा. वाकून, पेंढा बाजूला सारून, चिखलात बोट घालून बघावं लागतं. प्रत्येक चुडाला एवढं कोण वाकेल?

कडेवरच्या चुडाचं काय होतं, हेच दिल्लीतला एक मराठी माणूस ताडून बघत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसनमधून गणित, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 1936 साली पीएचडी. नेमन, पिअरसन, फिशर या संख्याशास्त्रज्ञांच्या सहवासातलं शुद्ध सिद्धांताचं काम. असा माणूस 1940 साली कृषी संशोधन परिषदेत येतो आणि भात-गव्हाच्या कापणीत शिरतो. कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकडे कापून घेत होते. थोड्या वेळात पुष्कळ शेतं होतात, म्हणून. सुखात्म्यांनी मुरादाबादच्या गव्हात लहानमोठे तुकडे कापून ताडून पाहिले. तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगलेला. 1946 साली त्यांनी ते 'नेचर'मध्ये मांडलं.

कारण तुमच्या पायाशी आहे. दोन फूट त्रिज्येच्या लहान गोल तुकड्यात क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि कडही साडेबारा फूट: चौरस फुटामागे एक फूट कड. तुमच्या या मोठ्या तुकड्यात साडेपाच चौरस फुटांमागे एक फूट. कडेवरचा चूड हात आपोआप आत ओढतो, आणि लहान तुकड्यात कडेशिवाय फारसं काही नसतंच. यात लबाडी कोणाचीच नाही. म्हणून तर ही चूक हजार शेतं मोजूनही जात नाही, सगळीकडे ती एकाच बाजूला झुकते. मला हे सुखात्म्यांच्या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

तुमच्या काळात तुकडा 10 मीटर बाय 5 मीटरचा आहे. हेक्टरात असे 200 बसतात, म्हणजे इथं एक किलो भात चुकलं की हेक्टरी दोन क्विंटल चुकलं. पीकविम्याची भरपाई त्या आकड्यावर ठरते. उपग्रहाच्या चित्रांवरून उतारा सांगणारं तुमचं मॉडेल शिकतं तेही त्याच आकड्यावरून. शेतीच्या डेटात यायचं असेल तर पहिली नोकरी दोरीच्या टोकाशी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पायथॉन तुम्हाला येतंच.

आता दोरी सोडा. रोम, 1951. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचं कार्यालय नुकतंच इथं आलंय आणि सुखात्मे तिच्या सांख्यिकी विभागात रुजू झालेत. 1970पर्यंत ते इथंच असतील. प्रश्न आता शेताकडून ताटाकडे सरकलाय. 1961 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ते जगाच्या भुकेचा हिशेब ठेवतात: 10 ते 15 टक्के माणसं अर्धपोटी, आणि कुपोषण धरलं तर निम्म्यापर्यंत. भारताबद्दल ते पुढं आग्रहानं सांगत राहिले, की पोटभर भाकरी-भात-डाळ मिळाली तर प्रथिनांची उणीव बहुतेक आपोआप भरून निघते.

शेवटचा मुक्काम पुणे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली दरडोई 2250 उष्मांकांवरून दारिद्र्याची रेषा आखली आहे. सुखात्मे म्हणतात, माणसाची गरज अशी एका आकड्यावर खिळलेली नसते. तोच माणूस एका आठवड्यात कमी खातो, दुसऱ्यात जास्त, आणि शरीर जुळवून घेतं. तेव्हा सरासरीच्या बरीच खाली रेघ ओढा. रेघ खाली गेली की कागदावरचे भुकेले कमी होतात, म्हणून दांडेकर कडाडून विरोध करतात. मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. कमी खाऊन जुळवून घेणारं शरीर त्याची किंमत कुठंतरी मोजतंच, आणि आवणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईच्या बाबतीत ती मला फार मोठी वाटते. पण रोमची संघटना आजही दरवर्षी जगातले भुकेले मोजते ते सरासरी गरजेवरून नाही, किमान गरजेच्या रेघेवरून, आणि त्या मोजणीचा पाया सुखात्म्यांनीच घातला आहे.