जंगलातल्या तलावाचं वय

घनदाट जंगल, जंगलात तलाव, तलावाच्या काठी लॉज. पहाटे सहाला बोट सुटते. गाइड आधी बोट ओठांवर ठेवतो आणि मग तेच बोट काठाकडे करतो, तिथे गवे किंवा हत्ती उभे असतात. ही सहल आता इतकी सवयीची झालीय की तिच्यातली एक विचित्र गोष्ट नजरेतून सुटते. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात एवढे मोठे तलाव निसर्गाने ठेवलेलेच नाहीत. इथे पाऊस पडतो तो तीव्र उतारावर, आणि पाण्याला थांबायला जागा नसते. तेक्कडी, राधानगरी, कोयना, चांदोली, कुठेही जा. आपण ज्या पाण्यावरून प्राणी बघतो, ते पाणी कुणीतरी भिंत घालून अडवलेलं आहे.

मी फुलंब्रीचा. आमची नदी गिरिजा, आणि आमचं जवळचं जंगल म्हणजे गौताळा, तेही पानगळीचं. सदाहरित वन ही गोष्ट आम्ही भूगोलाच्या पुस्तकात ॲमेझॉनच्या धड्यात वाचली. पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं की शनिवारी पहाटे निघालं तर असं जंगल दुपारपर्यंत गाठता येतं. कदाचित दुष्काळी भागातला असल्यामुळे असेल, पण जंगलापेक्षा आधी माझं लक्ष पाण्याकडे जातं. हे पाणी कुणाचं, किती, आणि जातं कुठे?

या प्रकारच्या सहलीचा आपल्या देशातला नमुना म्हणजे केरळमधलं पेरियार. 1886 साली त्रावणकोर संस्थानाने मद्रास सरकारशी 999 वर्षांचा करार केला. जॉन पेनीक्विक या इंजिनियरच्या देखरेखीखाली 1895 मध्ये धरण पूर्ण झालं आणि पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाणारं पाणी बोगद्यातून पूर्वेला, मदुराईकडच्या कोरड्या मुलखात वळवलं गेलं. दरीतलं जंगल न तोडताच पाणी चढलं. बुडालेल्या झाडांचे काळे खुंट आजही पाण्याबाहेर उभे आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात, मीही काढलेत. 1934 मध्ये संस्थानाने तलावाभोवती अभयारण्य केलं. राजाचा तलावातला उन्हाळी महाल पुढे पर्यटकांचं हॉटेल झाला. म्हणजे क्रम असा: आधी धरण, मग राजाची शिकार आणि करमणूक, मग अभयारण्य, शेवटी आपण.

आपल्याकडे राधानगरीत हाच क्रम दिसतो. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचं काम काढलं. पैशांअभावी ते रखडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. जलाशयात महाराजांनी बांधलेला बेनझीर व्हिला आहे, तो पाणी खूप उतरलं की दिसतो. संस्थानाच्या शिकारीच्या राखीव जंगलात 1958 साली दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, ते महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं.

आता प्राणी नेमके पाण्याकाठी का दिसतात, तेही बघू. गाइड सांगतात, पाणी प्यायला येतात. ते अर्धंच खरं, कारण डोंगरात झरे असतात. खरं आकर्षण आहे गवताचं. धरणाची पातळी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. या दोन रेषांमधल्या पट्ट्यात झाड वाढू शकत नाही, कारण वर्षातले काही महिने ते पाण्याखाली असतं. पाणी उतरलं की तिथे कोवळं गवत येतं. आजूबाजूच्या दाट जंगलात जमिनीपर्यंत ऊनच पोहोचत नसल्याने चरायला फारसं काही नसतं. म्हणून हत्ती आणि गवे उघड्यावर येतात आणि बोटीतून दिसतात. आपण ज्याला निसर्गदर्शन म्हणतो, ते बऱ्याच अंशी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालतं.

कोयनेला हा पट्टा फार वेगळी गोष्ट सांगतो.

कोयना ही महाबळेश्वरहून निघून आधी दक्षिणेला, मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळणारी नदी. तिच्यावर 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि साठच्या दशकात मागे पन्नासेक किलोमीटर लांब शिवसागर भरला. इथे पेरियारच्या उलटं घडलं. पूर्वेला जाणारं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणात सोडलं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्याची वीज केली आणि मग ते वाशिष्ठीत गेलं. आजची क्षमता 1960 मेगावॉट. संध्याकाळी सगळ्या राज्यात एकदम दिवे लागतात तेव्हा मागणी सावरायला ज्या टर्बाइन फिरतात, त्यांत कोयनेच्या असतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभरच्या अभ्यासात कोयनेचं नाव येतं.

पाण्याखाली शंभराच्या घरात गावं आली, काही पूर्ण तर काही अंशतः. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो 1976 मध्ये आला. लोक ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर असे विखुरले. डोंगरी भातशेतीतला माणूस सोलापूरच्या काळ्या रानात जाऊन पडला. काहीजण मात्र लांब गेलेच नाहीत. पाणी जसं चढलं तसे ते डोंगरावर वर सरकले आणि तिथेच नाचणी-वरी करून राहिले. मग 1985 मध्ये त्याच डोंगरांवर कोयना अभयारण्य जाहीर झालं. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि गाभा क्षेत्रातली गावं बाहेर हलवायची ठरली. 2012 मध्ये ही जंगलं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. म्हणजे वीज हवी म्हणून एकदा उठलेलं कुटुंब वाघ हवा म्हणून दुसऱ्यांदा उठलं. वाघाच्या मी विरोधात नाही. पण दोन्ही वेळा तीच माणसं निघावीत, हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

बामणोलीहून वासोट्याला जाताना तासाभराहून जास्त बोटीत बसावं लागतं. आमचे नावाडीकाका साठीच्या आसपासचे होते. आम्ही शेकरू दिसेल का, अस्वल दिसेल का, असं विचारत होतो आणि ते "दिसंल की" म्हणून सोडून देत होते. मध्येच त्यांनी इंजिन मंद केलं. मला वाटलं गवा दिसला. त्यांनी पाण्याकडेच हात केला आणि म्हणाले, "हितं खाली आमच्या आज्याचं घर. मे महिन्यात या, देवळाचा चौथरा दावतो." मग पुन्हा इंजिन चालू केलं.

पलीकडे उतरल्यावर मेट इंदवली लागतं. वासोट्याच्या पायथ्याचं हे गाव आता उठलेलं आहे, फक्त जोती उरलीत. गडाचं जुनं नाव व्याघ्रगड. दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबाला इथे ठेवलं होतं. 1818 मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून गड घेतला. ट्रेकर मंडळींना एवढा इतिहास पाठ असतो, माहितीफलकांवरही तोच असतो. 1818 मध्ये गड कुणी सोडला ते लिहिलेलं सापडतं, पण खाली गाव कुणी आणि कधी सोडलं याचा फलक मला कुठे दिसला नाही. कोयनेचे धरणग्रस्त 2018 मध्येही जमिनीसाठी कोयनानगरला आंदोलनाला बसले होते, म्हणजे हा इतिहास फलकावर लावण्याइतका जुना अजून झालेलाही नाही.

आमच्या जिल्ह्यातला तलाव नाथसागर. पैठणला 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. पाणी जवळपास कोयनेइतकंच, शंभर टीएमसीच्या थोडं वर. पण कोयना साधारण 115 चौरस किलोमीटरमध्ये मावते, नाथसागर 350 च्या आसपास पसरतो. सपाट मुलखावर तेवढंच पाणी ओतलं की ते उथळच होणार. म्हणून कोयनेच्या काठी गवे, आणि नाथसागरच्या चिखलात लांब पायांचे पक्षी आणि रोहित. 1986 मध्ये तो पक्षी अभयारण्य झाला. इथेही आधी गावंच होती, आणि तीही गोदाकाठच्या उत्तम काळ्या जमिनीची.

पाणी उतरल्यावर उघडा पडणारा तो पट्टा इथेही आहे, फक्त त्याला आमच्याकडे नाव आहे: गाळपेर. पेरियारला त्यावर हत्ती चरतात, इथे ओल धरलेल्या गाळात शेतकरी पेरतात. त्याच जागी पक्ष्यांना अंडी घालायची असतात. पाटबंधारे खातं, वन खातं, शेतकरी आणि पक्षी अशा चौघांचा त्यावर हक्क सांगून होतो, आणि पाऊस कमी झाला की हा वाद दरवर्षीपेक्षा रुंद होतो, कारण पट्टाच रुंद होतो.

अलीकडे यात पाचवा आलाय. नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प करायचं ठरलं. तलावावर मासेमारी करून जगणाऱ्या कहार समाजाची समिती त्याविरोधात हरित लवादात गेली, मग सर्वोच्च न्यायालयात. मे 2025 मध्ये न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. पैठणचे पक्षीमित्र हिवाळ्यात अजूनही दुर्बिणी घेऊन लोकांना काठावर नेतात. रोहित कुठे उतरलेत ते आदल्या दिवशी त्यांना फोन करून सांगतात ते बहुतेक वेळा मासेमारच.