नागपुरातून निघालेला रुसवा

१९०७चे काँग्रेस अधिवेशन नागपुरास व्हायचे होते. तेथे जहाल-मवाळांचे जमेना, म्हणून ते सुरतेस हलवले. तेथे जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि सभा मोडली. हे सर्वश्रुत आहे. साहित्यसंस्थांतील रुसव्याफुगव्यांना सरावलेल्या आम्हांस पुढचा रुक्ष भाग अधिक मोलाचा वाटतो: बाहेर पडलेले परतले कसे?

१९०८च्या घटनेने प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार काँग्रेसचे ध्येय मान्य करणाऱ्या समित्यांपुरता ठेवला. टिळक १९१४त मंडालेहून सुटले. पण ज्यांनी दार लावले त्यांच्याच समितीपुढे उमेदवारी करणे त्यांच्या अनुयायांना कसे रुचावे? फिरोजशहा मेहतांचा विरोध तर कडवा होता. १९१५त आधी गोखले, मग मेहता निवर्तले. वर्षअखेरीस मुंबईच्या अधिवेशनाने नियम सैल केला. सनदशीर स्वराज्याचे ध्येय मानणाऱ्या, दोन वर्षे जुन्या संस्थांनी भरवलेल्या जाहीर सभांनाही प्रतिनिधी निवडता येऊ लागले. माफीनाम्याचा प्रश्नच उरला नाही! १९१६त लखनौच्या मंडपात टिळक पुन्हा दिसले.

दोनच वर्षांनी मवाळ रुसून निघाले. १९२०त अधिवेशन अखेर नागपुरास भरले, तेव्हा टिळक हयात नव्हते; आणि असहकाराला विरोध करणारे जिना तेथूनच काँग्रेसपासून दुरावले.