व्हालीचं माहेर

गुजरातच्या किनाऱ्यावरची व्हेल शार्कची शिकार कायद्याने थांबली, असं म्हणणं मला अपुरं वाटतं. वेरावळ, सुत्रापाडा, मांगरोळचे मच्छीमार या माशाला ‘बॅरल’ म्हणत, कारण गळाला पिंपं बांधून त्याला दमवलं जाई. त्याच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत. पुढे मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि शिकारीला जोर चढला. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही कत्तल जगापुढे आणली. 2001मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. भारतात एखाद्या माशाला असं संरक्षण प्रथमच मिळत होतं. पण जाळ्यात सापडलेलं ते अजस्र धूड सोडायचं की ओढायचं, हे भर समुद्रात ठरतं आणि तिथे वनरक्षक नसतो. सोडायचं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळ्यावर तर घर चालतं.

2004मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचं वन खातं यांनी मोहीम सुरू केली, तेव्हा रामकथाकार मोरारीबापूंनी मच्छीमारांना सांगितलं, की ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. माशाचं नाव पडलं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. माशाएवढीच फुगवलेली प्रतिकृती घेऊन वस्त्या-वस्त्यांतून नाटकं झाली. पोटुशी लेक दारात आल्यावर कोयता कोण उचलेल? जीवशास्त्रज्ञाला मात्र ही कथा खटकेल, आणि ते रास्तच आहे. 1995मध्ये तैवानजवळ पकडलेल्या मादीच्या पोटात सुमारे 300 भ्रूण सापडले होते, म्हणजे हा मासा पिल्लांना जन्म देतो हे पक्कं. पण त्यासाठी तो सौराष्ट्रातच येतो, हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. म्हणून कथा टाकून द्यावी असं मला वाटत नाही. ती पुरावा म्हणून वापरू नये, एवढंच. मोहिमेनेही शोध सोडला नाही. 2011पासून माशांना उपग्रह टॅग लावून त्यांचा माग काढणं सुरू झालं.

नुसत्या भावनेवर गरिबाने जाळं का गमवावं, हा आक्षेप याहून गंभीर आहे. त्याचं उत्तर कथेत नव्हतंच, ते भरपाईत होतं. सुरुवातीला अधिकारी येऊन खात्री करेपर्यंत मासा जाळ्यातच तडफडत राही. मग मच्छीमारांनाच कॅमेरे दिले गेले: जाळं कापा, फोटो काढा, भरपाई घ्या. त्याच फोटोंतून मासा कुठे आणि कधी सापडला याची नोंद अभ्यासकांच्या हाती येऊ लागली. महाराष्ट्रानेही 2018मध्ये संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठी कापलेल्या जाळ्यापोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई ठरवली, आणि आपल्या किनाऱ्यावरही जाळी कापून व्हेल शार्क सोडले जाऊ लागले.