कोतवाल-बुक आणि विद्यापीठ

कारंज्याच्या जैन भांडारांची कीर्ती या जिल्ह्यात कोणास नव्याने सांगावयास नको. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तीत या भांडारांची दखल घेतली गेली. आणि पुढल्या दहा वर्षांच्या आत अपभ्रंश भाषेतील एकामागून एक ग्रंथ कारंज्याच्याच नावाच्या मालेतून छापून बाहेर पडले. एका विस्मृत भाषेच्या अभ्यासाला आपल्या गावच्या कपाटांनी असा आधार दिला.

पण याच हिरालालांचे नाव आणखी एका ग्रंथावर आहे. रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींचे चार खंड सिद्ध केले. ते १९१६ साली लंडनहून निघाले. त्यांत महार, मांग, चांभार, बंजारे सर्व आहेत. मोठ्या कष्टाचे काम आहे, त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. भेद आहे तो दृष्टीचा. कारंज्यात शोध होता ग्रंथकारांचा. महारवाड्याविषयी लिहिले गेले ते तेथील माणसे लग्न कशी लावतात, मृतांना कसे पुरतात, कोणाचे खातात आणि कोणाचे खात नाहीत, याविषयी. एकीकडे ग्रंथकर्ते, दुसरीकडे नुसते नमुने.

आता योगायोग पाहा. त्याच १९१६ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. ज्यांना आजवर नमुना म्हणून मोजले, त्यांच्यातलाच एक आता मोजदाद करणाऱ्यांच्या पंक्तीस येऊन बसला. गोपाळबाबा वलंगकरांनी ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ सालीच लिहिले होते, हे आम्ही विसरत नाही. परंतु विद्यापीठाच्या दालनातला हा पहिला मोठा पाऊलठसा होय. ज्याला आज दलित-अभ्यास म्हणतात त्याचा आरंभ आम्ही येथे धरतो. पुढे ‘शूद्र पूर्वी कोण होते’ (१९४६) आणि अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ (१९४८) आले, तेव्हा हा अभ्यास पुरता वयात आला.

मग विद्यापीठांनी तो उचलून धरला असे कोणी समजेल, तर तसे झाले नाही. फार दिवस हा अभ्यास विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरच्यांनीच जगवला. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली काढला आणि उरलेले आयुष्य पुढच्या खंडांना दिले. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांनी बाबासाहेबांचे विखुरलेले व अप्रकाशित लेखन जमवले. शासनाने १९७९ पासून काढलेले इंग्रजी खंड त्यांच्याच संपादनाखाली सुरू झाले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या गावोगाव फिरल्या, चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडून हकिकती घेतल्या, आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली दिले. नागपूरला जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. अशा घटना केवळ परिषदेच्या अहवालात राहिल्या असत्या, तर त्या कितीजणांस कळल्या असत्या?

परदेशी विदुषी एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली महार चळवळीवर प्रबंध पुरा केला, तेव्हा आपल्याकडील इतिहास-विभागांत हा विषय अजून पाहुण्यासारखा होता. पुढे दिवस पालटले. अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात हे २००३ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय दलित अध्ययन संस्थेचे प्रमुख झाले, आणि अकराव्या पंचवार्षिक योजनेत अनेक विद्यापीठांतून सामाजिक वंचिततेच्या अभ्यासाची केंद्रे उघडली. मात्र योजनेच्या मुदतीवर जगणारे केंद्र म्हणजे मुदतबंद नोकर. २०१७ साली योजनाच संपल्या, तेव्हा या केंद्रांतील अध्यापकांना आपल्या पगाराचीच विवंचना पडली. संशोधन कोणी करावयाचे?

पैशाची अडचण खरी. तरी आम्हांस दुसरी अडचण अधिक भारी वाटते. हा अभ्यास साहित्य, आत्मचरित्रे व थोर पुरुषांची चरित्रे यांत रमला आणि गावाकडे त्याचे लक्ष कमी गेले. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. ग्रंथालयातील कपाट पाहिले तर एक-दोन जातींचाच इतिहास आहे असे वाटावे. आमच्या जिल्ह्यातील मातंगांच्या पिढ्या कोठे लिहिल्या आहेत? आणि पोहरादेवीला जमणारा बंजारा समाज घ्या. तो कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात जमातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. माणसे तीच, तांडे तेच; सरहद्द ओलांडली की खाते बदलते. या कोड्याची उकल राजधानीत बसून होणार नाही. वाशीमकरांनीच ती करावयास हवी.

साधने नाहीत असे म्हणणाऱ्यांस आम्ही कोतवाल-बुक दाखवू. वऱ्हाडात गावचा कोतवाल पुष्कळदा महारच असे, आणि त्याच्या तोंडी खबरीवरून गावातले जन्म आणि मृत्यू नोंदले जात. ज्याला वाड्यात पायरीवर जागा नव्हती, त्याच्या शब्दावर पाटलाच्या नातवाची जन्मतारीख ठरली! जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून त्या घरोघर पत्र्याच्या पेटीत आजोबांची कोतवाल-बुकाची नक्कल आणि शाळेच्या दाखल-खारीजचा उतारा जपून ठेवलेला असतो. सरकारच्या सक्तीने हे लोक स्वतःचे दफ्तरदार बनले आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या प्रांतात हाहाकार केला. त्या साली गावकुसाबाहेर किती मेले आणि आत किती, कोणत्या वाड्यातले पहिले मूल कोणत्या साली शाळेत बसले, हे याच वह्यांतून काढावे लागेल.

घाई यासाठी की वह्यांबरोबर माणसेही जात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बापाच्या खांद्यावर बसून ज्यांनी नागपूरचा सोहळा पाहिला, ती मुले आज सत्तरी ओलांडून ऐंशीकडे झुकली आहेत. अमरावती विद्यापीठाला जोडलेल्या आपल्या महाविद्यालयांतून इतिहासाचे विद्यार्थी आहेत. त्यांतील पाचांनी रिसोड, मालेगाव, मानोरा असे एकेक तालुका वाटून घेतले, तरी सुरुवात होईल. आज अभिलेखाच्या खोलीत अर्जदार येतो तो एका ओळीसाठी. ती ओळ उतरून दिली की वही पुन्हा बस्त्यात बांधली जाते.